नक्षी कोणाची आणि दर कोणाचा?

यंत्र माणसाला सोडवते की बांधते, हा वाद भारतीय समाजवादी चळवळीला नवा नाही. १९२४ साली दिल्लीत एका तरुणाने गांधीजींना यंत्रांविषयी छेडले, तेव्हा त्यांनी आपल्या यंत्रविरोधाला एक अपवाद मान्य केला. तो अपवाद सिंगरच्या शिवणयंत्राचा होता. पत्नीचे हातशिलाईचे कष्ट पाहून तिच्यावरील प्रेमापोटी एका माणसाने हे यंत्र घडवले, अशी त्यांची भावना होती. तरुणाने लगेच पुढचा प्रश्न टाकला: शिवणयंत्र हवे तर ते घडवणारे कारखाने हवेत, त्यांचे काय करायचे? गांधीजींनी उत्तर दिले की, असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारच्या ताब्यातले असावेत, असे म्हणण्याइतके आपण समाजवादी आहोत. या संवादाचा पूर्वार्ध भाषणांतून पुनःपुन्हा ऐकू येतो. उत्तरार्ध मात्र सोयीस्करपणे गाळला जातो.

पुढे १९५२ च्या पचमढी अधिवेशनात डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा विचार मांडला. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोहोंनी प्रचंड यंत्राची पूजा बांधली असताना, भांडवल तुटपुंजे आणि माणसे अमाप असलेल्या देशाला विजेवर वा तेलावर चालणारे लहान यंत्र हवे, ही त्यांची मांडणी आजही टाकाऊ झालेली नाही. परंतु तिचा एक स्वस्त अनुवाद गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे: बाईला घरी एक यंत्र द्या, यंत्राला थोडे कर्ज जोडा, आणि तिचा प्रश्न सुटला असे जाहीर करा. निवडणुकीच्या हंगामात मांडव घालून शिवणयंत्रे वाटणारे पुढारी हाच अनुवाद आचरणात आणतात. दुःखाची गोष्ट ही की, समाजवादी म्हणवणारे कार्यकर्तेही अशा मांडवात पाहुणे म्हणून बसू लागले आहेत.

या समजुतीची परीक्षा घ्यायची तर छोट्या यंत्राला सगळी अनुकूलता लाभलेला धंदा निवडला पाहिजे. वीज अखंड असावी, गिऱ्हाईक खाऊनपिऊन सुखी असावे, कारागीर स्त्री शिकलेली असावी, कर्ज सुलभ असावे. तेथेही यंत्राने बाईला पुरेसे सोडवले नसेल, तर दोष गरिबीवर किंवा निरक्षरतेवर ढकलता येणार नाही. असा एक धंदा अमेरिकेत चांगला फोफावला आहे: गिऱ्हाइकाची गोधडी, खास तिच्याचसाठी काढलेल्या नक्षीने, यंत्रावर शिवून देण्याचा.

एका गोधडीचे काम

अमेरिकेत जिला ‘क्विल्ट’ म्हणतात, ती मराठी मुलखातल्या गोधडीचीच बहीण होय. वर कापडाचे तुकडे जोडून केलेला दर्शनी पदर, मध्ये कापसाचा वा तत्सम थर, खाली अस्तर, आणि तिन्ही थर एकत्र बांधणारे टाके. पूर्वी हे टाके लाकडी चौकटीभोवती बसून चार शेजारणी हाताने घालत. आता अनेक गृहिणी दर्शनी पदर स्वतः हौसेने जोडतात आणि टाक्यांचे जिकिरीचे काम धंदेवाईक कारागिणीकडे सोपवतात. ती कारागीण बहुधा स्वतःच्याच घरातल्या खोलीत ‘लाँगआर्म’ नावाचे यंत्र घेऊन बसलेली असते. साध्या शिवणयंत्रात कापड सुईखाली सरकवावे लागते. येथे गोधडी दोन लाटांवर ताणून गुंडाळलेली असते आणि यंत्राचे डोके रुळांवरून चहूकडे फिरते. अशा यंत्राची किंमत काही हजार डॉलरांपासून काही दहा हजार डॉलरांपर्यंत जाते.

काम दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात एकच छापील वेलबुट्टी गोधडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीने उमटवायची असते. कागदावरच्या रेषेवरून प्रकाशाचा ठिपका फिरवीत कारागीण यंत्र चालवते, किंवा संगणक ते परस्पर चालवतो. दुसरा प्रकार खास नक्षीचा. येथे गिऱ्हाइकाने आणलेला पदर आधी नीट वाचावा लागतो. कोणता तुकडा डोळ्यांत भरावा, कोणता मागे राहावा, काठावर काय यावे, कोपरा कसा वळावा, टाके कोठे दाट आणि कोठे विरळ पडावेत, दोरा रंगात मिसळावा की उठून दिसावा, हे ठरवावे लागते. पदरावर पारदर्शक पत्रा पसरून त्यावर नक्षी आखून पाहावी लागते. पदराचे माप एका बाजूला फुगलेले असले तर ते टाक्यांत जिरवावे लागते. अस्तर चारही बाजूंनी सुमारे चार इंच अधिक नसेल तर लाटेवर ताण बसत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला तेही समजावून सांगावे लागते. हे सारे झाल्यावर मग सुई चालू होते. सुई मिनिटाला शेकडो टाके घालते खरी. परंतु तिने कोठे जायचे, हे ठरवण्यात गेलेले दिवस कोणी मोजत नाही.

येथे विचारी वाचकाच्या ध्यानात एक गोष्ट येईल. यंत्राने टाक्याचे श्रम कमी केले, पण नक्षीचे श्रम कमी केले नाहीत, उलट वाढवले. हाताने काम होत होते तेव्हा दाट नक्षीला महिनेच्या महिने लागत, म्हणून तिची अपेक्षाही क्वचितच कोणी करी. यंत्र आल्यावर अपेक्षा वाढली, बारकावा वाढला आणि विचाराचा भार एका व्यक्तीवर आला. अर्थशास्त्राच्या भाषेत, अंगमेहनतीचा वाटा घटला आणि बुद्धिश्रमाचा वाटा वाढला. मोबदल्याची रीत मात्र जुनीच राहिली.

चौरस इंचाचे गणित

हा मोबदला बहुतेक ठिकाणी चौरस इंचावर आकारला जातो. ऐंशी इंच रुंद आणि नव्वद इंच लांब गोधडीचे क्षेत्रफळ ७,२०० चौरस इंच भरते. समजा, दर इंचाला दोन सेंट ठरला, तर मजुरी १४४ डॉलर होते. खास नक्षीला दर दुप्पट धरला तरी २८८. यातून दोरा, सुया, वीज, खोलीचे भाडे, यंत्राची झीज, दुरुस्ती आणि कर्जाचे व्याज वजा करायचे. जे उरेल त्याला आखणीच्या, शिवणीच्या आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या एकूण तासांनी भागायचे. हा भागाकार केला, तर स्वतःला उद्योजिका म्हणवणारी कारागीण कित्येकदा पगारी मजुराहूनही मागे पडलेली आढळेल. भागाकार टाळला जातो, म्हणून तर धंदा चालतो.

दर असा खाली का राहतो? गिऱ्हाईक दुष्ट असते म्हणून नव्हे. गिऱ्हाईक पुष्कळदा एखादी शिक्षिका, एखादी आजी, एखादी परिचारिका असते. खरे कारण धंद्याच्या रचनेत आहे. या धंद्यात दोन प्रकारच्या स्त्रिया शेजारीशेजारी बसलेल्या असतात. एकीच्या घरात दुसरा पगार येतो. तिला यंत्राचा हप्ता आणि वर हौसेपुरता पैसा सुटला की पुरे. स्वतःच्या वेळेची किंमत ती शून्य धरते. दुसरी याच कामावर घर चालवते. बाजारात दोघींना दर एकच, आणि तो ठरतो पहिलीच्या शून्यावरून. हौसेचा दर हाच पोटाचा दर होऊन बसतो. कोणत्याही मालकाने हुकूम न काढता मजुरी पाडण्याची याहून चोख व्यवस्था शोधून सापडणार नाही. येथे मालकाचे काम बाजार करतो, आणि बायकांच्या घरकामाला मोल नाही ही समाजाची शिकवण बाजाराची मदतनीस होते.

मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात शिवणयंत्राची दखल घेतली आहे, ती या संदर्भात वाचण्याजोगी आहे. कपड्यांच्या धंद्यात उलथापालथ घडवणारे निर्णायक यंत्र म्हणून तो शिवणयंत्राकडे पाहतो. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट नोंदवतो: यंत्रे गरजेहून अधिक बनली आणि खपेनात, तेव्हा ती बनवणाऱ्यांनी आठवड्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि त्या स्पर्धेत स्वतःचे एखादे यंत्र बाळगून असलेले लहान कारागीर चिरडले गेले. म्हणजे यंत्र घरात असणे, किंबहुना ते स्वतःच्या मालकीचे असणे, हे संरक्षण ठरत नाही, हा धडा दीडशे वर्षांहून जुना आहे. लोहियांच्या छोट्या यंत्राचा विचार खोटा ठरतो, असा याचा अर्थ नव्हे. तो अर्धाच अमलात आणला जातो, असा याचा अर्थ आहे. यंत्र लहान झाले आणि घरोघर गेले. बाजार मात्र मोठाच राहिला आणि त्याच्या दारात प्रत्येक बाई एकटी उभी राहिली.

बक्षिसाचा वाद आणि नावाचा वाद

यंत्राच्या बाबतीत अमेरिकेत जो वाद गाजला, तो भलताच होता. केंटकी राज्यातील पडूका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचे प्रदर्शन भरते. १९८९ साली तेथील सर्वोच्च पारितोषिक कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरील गोधडीला मिळाले. यंत्राने टाके घातलेल्या गोधडीला तो मान प्रथमच मिळत होता. परंपरेच्या कैवाऱ्यांना ते रुचले नाही. हाताचा टाका हाच खरा टाका, असा आक्रोश झाला. कालांतराने तो मावळला आणि यंत्राचे काम प्रदर्शनांतून रुळले.

परंतु ‘हात की यंत्र’ या वादाच्या धुराळ्यात दुसरा, अधिक खरा प्रश्न दडला. ज्या गोधडीचा पदर एकीने जोडला आणि नक्षी व टाके दुसरीने घातले, ती गोधडी कोणाची म्हणायची? घरोघरी त्या गोधडीचे कौतुक होते ते पदर जोडणारीच्या नावाने. नातवंडांना भेट जाते ती तिच्याच नावाने. ज्या रेषांनी त्या पदराला उठाव आला, त्या रेषा काढणारीचे नाव सहसा अस्तराच्या कोपऱ्यातही नसते. ‘ते तर यंत्राने केले’ असे एक वाक्य उच्चारले की तिचे काम संपते. यंत्राचे नाव पुढे करून माणसाचे श्रम अदृश्य करण्याची ही युक्ती कारखान्यात जुनी आहे. ती आता घरातल्या खोलीतही येऊन पोचली आहे.

नक्षीची मालकी

नावापाठोपाठ मालकी येते. खास एका गिऱ्हाइकासाठी काढलेली नक्षी आज कागदावर राहत नाही. ती संगणकात जाते. तेथे ती दहा हजार वेळा उमटवता येते, विकता येते. मग ती कोणाची? अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिराने मोबदला घेऊन केलेली अशी कृती आपोआप गिऱ्हाइकाची होत नाही. हक्क लेखी दिला नसेल तर तो कारागिराकडेच राहतो. कागदावर ही गोष्ट चांगली आहे. पण न्यायालयात जायला पैसा लागतो, आणि इंचाच्या दराने जगणारीकडे तो नसतो.

भारतीय कायदा तर कागदावरही कारागिराच्या विरुद्ध आहे, याची जाणीव किती कार्यकर्त्यांना आहे? २००० सालच्या डिझाइन कायद्यात मालकाची व्याख्या दिली आहे. मोबदला घेऊन एखाद्याने दुसऱ्यासाठी नक्षी तयार केली, तर ज्याच्यासाठी ती केली तोच तिचा मालक होतो. नोंदणीला पात्र असूनही नोंदणी न केलेली नक्षी यांत्रिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा अधिक वेळा उमटवली गेली, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तिचा स्वामित्वहक्कच संपतो. म्हणजे नक्षी नोंदवली तर ती पैसे देणाऱ्याची, आणि न नोंदवता खपली तर कोणाचीच नाही. दोन्ही वाटांनी निर्मातीच्या हाती उरते ती मजुरी. इंग्रजी शिकलेला वकील ज्याला बौद्धिक संपदा म्हणतो, ती बाईच्या बोटांतून निघाली की तिचे कसब होते, आणि कसबाला हक्क नसतो!

ही केवळ कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेतच अलाबामा राज्यात, नदीने तीन बाजूंनी वेढलेले गीज बेंड नावाचे खेडे आहे. गुलामांच्या वंशजांची ही वस्ती. १९६० च्या दशकात काळ्या लोकांनी मतदार म्हणून नावे नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा १९६२ साली नदीपार तालुक्याच्या गावाला नेणारी होडीसेवाच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. याच परिसरातील स्त्रियांनी १९६६ साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन केली. नागरी हक्कांच्या लढ्यातून जन्मलेली ही संस्था समाजवाद्यांनी अभ्यासावी अशी आहे. तिने स्वतःची जमीन घेतली, स्वतःची शिवणशाळा बांधली, आणि जमीनदारांनी हाकललेल्या काही कुटुंबांना घरासाठी जागा दिल्या. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांची आणि १९७२ पासून सिअर्स कंपनीच्या उशांच्या अभ्र्यांची कामे तिने घेतली. सभासद स्त्रियांच्या हाती प्रथमच नियमित रोख पैसा आला.

परंतु येथेही एक किंमत मोजावी लागली. दुकानांना एकासारखा दुसरा नग हवा होता. ठरलेले रंग, ठरलेले माप, ठरलेली नक्षी. ज्या स्त्रिया जुन्या विजारी आणि पीठाच्या पिशव्या यांतून कधीही न पाहिलेले आकार सहज उभे करीत, त्यांना नमुन्याबरहुकूम शिवावे लागले. मजुरी मिळाली, नक्षीवरचा अधिकार सुटला. २००२ साली त्यांच्याच जुन्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत झळकल्या, २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. आणि २००७ साली काही कारागीर स्त्रियांना आपल्या नक्षीच्या आणि नावाच्या कमाईतील वाट्यासाठी न्यायालयात जावे लागले. पुढच्या वर्षी तडजोड झाली. २०२४ साली टार्गेट या दुकानसाखळीने तेथील पाच कारागिणींच्या नक्षींवर बेतलेला यंत्रनिर्मित माल देशभर विकला. त्या स्त्रियांना विक्रीतला हिस्सा मिळाला नाही, एकरकमी मोबदला मिळाला. सहकाराने दर सुधारता येतो, हे गीज बेंडने दाखवले. नक्षीचा हक्क हातात नसेल तर सहकारही अपुरा पडतो, हेही तिनेच दाखवले.

मराठी मुलखातली गोधडी

आता घराकडे वळावे. महाराष्ट्रात गोधडी किंवा वाकळ ही पिढ्यान्‌पिढ्या जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची, धावदोऱ्याने शिवलेली. घरच्यासाठी शिवायची, किंवा शेजारणीला शिवून द्यायची आणि धान्य वा चार पैसे घ्यायचे. आज शहरांत नवे गिऱ्हाईक निर्माण झाले आहे. आईच्या, आजीच्या साड्या घेऊन ते येते, त्यांची आठवण म्हणून गोधडी करून मागते, काठ कोठे यावा आणि पदर कोठे दिसावा हेही सांगते. म्हणजे तीच अमेरिकन रचना: कापड गिऱ्हाइकाचे, नक्षी खास, यंत्र कारागिणीच्या घरात. फरक इतकाच की, येथे गिऱ्हाईक आणि कारागीण यांच्यामध्ये बहुधा एक दुकानदार किंवा मध्यस्थ उभा असतो. तो गोधडी विकतो आठवणीच्या भावाने आणि शिवून घेतो नगाच्या भावाने.

या स्त्रीपाशी सरकार कोणत्या रूपाने जाते? २०२३ साली केंद्राने विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्यात दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. यंत्र आणि कर्ज मिळणे वाईट, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु या योजनेत शिवणीचा किमान दर कोठे आहे? नक्षीचा हक्क कोठे आहे? भांडवल उभे करण्याची, झीज सोसण्याची, मंदीचा फटका खाण्याची सारी जबाबदारी कारागिणीवर, आणि दर ठरवण्याचा अधिकार बाजारावर! भांडवलशाहीने मालकाचा धोका मजुराच्या घरात नेऊन ठेवला आणि त्या व्यवस्थेला स्वयंरोजगार हे गोंडस नाव दिले.

या अंधारात वाट दाखवणारा अनुभव देशातच आहे. अहमदाबादच्या दरियापूर भागात गिरण्यांच्या चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवणाऱ्या मुस्लिम स्त्रिया होत्या. यंत्र स्वतःचे, घर स्वतःचे, चिंध्या व्यापाऱ्याच्या, मजुरी नगावर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘सेवा’ संघटनेने त्यांना एकत्र केले आणि वाढीव दर मागितला. व्यापाऱ्यांनी काम देणे बंद केले. तेव्हा त्या स्त्रियांनी आपली सहकारी संस्था काढली. आधी संघटना, मग दराची मागणी, आणि मालकाने कोंडी केल्यावर स्वतःचे उत्पादन: हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. यंत्रवाटपाच्या मांडवातला क्रम नेमका उलटा असतो. तेथे आधी यंत्र येते, आणि संघटना कधीच येत नाही. ‘सेवा’ची स्वतःची नोंदणी १९७२ साली झाली, तेव्हाही आक्षेप हाच घेतला गेला होता की, ज्यांना मालकच नाही त्यांची कामगार संघटना कशी? मालक दिसत नाही म्हणून शोषण नाही, या युक्तिवादाला उत्तर त्या स्त्रियांनी नोंदणी मिळवून दिले.

आक्षेपांचा परामर्श

या विवेचनावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, दर वाढला तर गिऱ्हाईक पळेल आणि आहे ती मजुरीही जाईल. हाच युक्तिवाद गिरणीच्या आठ तासांविरुद्ध झाला, शेतमजुरांच्या किमान वेतनाविरुद्ध झाला. ज्या कामाची मागणी केवळ करणारीच्या वेळेची किंमत शून्य धरल्यामुळे टिकते, ते काम दान असते; त्याला रोजगार म्हणू नये. शिवाय खास नक्षीचे गिऱ्हाईक स्वस्त पांघरुणासाठी येत नाही. स्वस्त पांघरूण बाजारात ढिगाने मिळते. ते येते ते या बाईच्या कसबासाठी, आणि म्हणूनच येथे दर वाढवायला वाव अधिक आहे.

दुसरा आक्षेप हातशिलाईच्या भक्तांचा. त्यांच्या मते यंत्र आले तेथेच कला मेली. यंत्राला हक्क कसले? या मंडळींनी आठ-आठ तास वाकून धावदोरा घालणाऱ्या बाईच्या मानेला आणि डोळ्यांना विचारून पाहावे. श्रीमंताच्या दिवाणखान्यासाठी गरिबाने हाताने कष्टत राहावे, ही कलेची सेवा नव्हे. शिवणयंत्राला अपवाद करणाऱ्या गांधीजींना हे कळले होते. त्यांच्या नावाने बोलणाऱ्यांना कळत नाही.

तिसरा आक्षेप कायदेपंडितांचा: एकाच कारागिणीची पन्नास गिऱ्हाइके, मग जबाबदार कोणाला धरायचे? महाराष्ट्राने याचे उत्तर १९६९ सालीच दिले आहे. माथाडी कामगारालाही एक मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्या व्यापाऱ्याचे. तरीही माथाडी कायद्याने मंडळे स्थापिली, काम करून घेणाऱ्यांकडून मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरून घेतली, आणि त्यांतून हमालांना भविष्य निर्वाह निधी आणि इतर संरक्षण मिळाले. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी युनियनने आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने जे पाठीवरच्या ओझ्यासाठी मिळवले, ते सुईच्या कामासाठी अशक्य का असावे? घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांना १९६६ च्या कायद्याने कामगार मानलेच होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घरातून काम करणाऱ्यांची व्याख्या आहे. परंतु ती नियोक्ता या शब्दाभोवती फिरते, आणि थेट गिऱ्हाइकाचे काम करणारी तिच्या कडेवरून निसटते. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही, आणि संसदेत त्याबद्दल आवाज उठवणारे खासदार बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत.

पक्षाने काय करावे

समाजवादी पक्षाच्या दृष्टीने मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, शिवणकाम आणि गोधडीकामासाठी माथाडीच्या धर्तीवर जिल्हावार मंडळ. दुकानदार, मध्यस्थ आणि निर्यातदार यांच्यावर लेव्ही. दुसरी, दराचा तक्ता, ज्यात नक्षी आखण्याचे तास शिवणीपासून वेगळे धरले जातील आणि यंत्राची झीज व कर्जाचे व्याज मजुरीत मोडणार नाही. तिसरी, डिझाइन कायद्याच्या व्याख्येत दुरुस्ती, म्हणजे स्वतंत्र कारागिराने काढलेली नक्षी लेखी सोडून दिल्याखेरीज त्याचीच राहील आणि पुन्हा वापरल्यास त्याला हिस्सा मिळेल. चौथी, महागडी यंत्रे एकेकीच्या डोक्यावर कर्ज म्हणून न लादता वस्तीच्या सहकारी शिवणशाळेच्या मालकीची असावीत. पाचवी, १७७ व्या कराराला मान्यता.

परंतु मागण्यांचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देऊन छायाचित्र काढले की काम संपत नाही. प्रत्येक तालुका समितीने येत्या तीन महिन्यांत आपल्या क्षेत्रातील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांची यादी करावी. यंत्र कोणाचे, हप्ता किती, कापड कोण देतो, नग किती दिवसांत होतो, हाती काय येते, एवढे पाच प्रश्न पुरेत. या नोंदी हाती आल्या की शून्य किमतीवर चाललेला दर कोणाच्याही डोळ्यांत खुपेल, आणि हौसेने शिवणारी व पोटासाठी शिवणारी अशा दोघींना एका बैठकीत बसवून एक दर ठरवता येईल. हे सर्वांत कठीण काम आहे, कारण येथे भांडण मालकाशी नाही, शेजारणीशी समजूत घालण्याचे आहे. सहकारी संस्थेने नक्षीची वही ठेवावी, प्रत्येक नक्षीपुढे काढणारीचे नाव आणि तारीख लिहावी, आणि प्रत्येक गोधडीच्या अस्तराच्या कोपऱ्यात ते नाव दोऱ्याने उमटवल्याखेरीज नग बाहेर सोडू नये. यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

यंत्रवाटपाच्या पुढच्या मांडवाचे आमंत्रण येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी ते जरूर स्वीकारावे. व्यासपीठावर न बसता यंत्र घ्यायला आलेल्या स्त्रियांच्या रांगेपाशी उभे राहावे, आणि वाटणाऱ्या पुढाऱ्याला सर्वांसमक्ष विचारावे: यंत्र दिलेत, आता नगाचा दर किती देणार?